नेट बंद, बोलणी मात्र तिलाच!

‘नेट स्लो आहे, जरा थांबा.’ बँक असो, पतसंस्था असो, सेतू केंद्र असो नाहीतर दवाखान्याची खिडकी, हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आज शोधून सापडायची नाही. रांगेतली माणसं ताटकळतात, कुणीतरी आवाज चढवतो आणि खिडकीपलीकडची मुलगी मान खाली घालून गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहते. तिचा दोष काय? नेट तिनं घेतलेलं नसतं, राऊटर तिनं बसवलेला नसतो. बोलणी मात्र तीच खाते.

मैत्रिणींनो, आता छोट्या गावातल्या नोकऱ्याही नेटवर चालतात. बिल, पावती, हजेरी, दाखला सगळं ऑनलाइन. म्हणजे नेट हे कामाचं हत्यार झालं. बोथट विळीवर भाजी चिरायला लावायची आणि वर ‘हात जड आहे तुझा’ म्हणायचं, असं आपण सुनेच्या बाबतीतसुद्धा चालवून घेत नाही. मग नोकरीच्या ठिकाणी का चालवून घ्यायचं?

‘दोन-चार मिनिटांनी काय बिघडतं?’ असं साहेब लोक म्हणतात. बिघडतं ना! संगणक माणसांना कसा सोपा पडेल याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सन यांनी १९९३ सालच्या आपल्या पुस्तकात साधा हिशोब मांडला होता. संगणकानं एका सेकंदात उत्तर दिलं तर विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की लक्ष उडतं. दिवसातून पन्नास वेळा लक्ष उडालं तर चुका होणारच. अर्धवट भरलेला अर्ज उडाला की पुन्हा पहिल्यापासून भरा. पावती निघाली की नाही कळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबलं जातं आणि एकाच पैशाच्या दोन नोंदी पडतात. संध्याकाळी ताळा जुळत नाही. मग ‘कामात लक्ष नसतं हिचं’ हा शेरा ठरलेला.

बाईच्या बाबतीत हे ऑफिसात संपतही नाही. दिवसा राहिलेलं काम संध्याकाळी नेट मोकळं झाल्यावर उरकायचं, म्हणजे निघायला उशीर. शेवटची एसटी चुकली की घरी ‘इतका वेळ कुठे होतीस?’ आहेच. ‘वाय-फाय चालत नव्हतं’ हे उत्तर सासूबाईंना पटायला जरा कठीणच.

यातला बराचसा त्रास फार खर्च न करता टळण्यासारखा असतो. वाय-फाय म्हणजे एका टाकीवरचे नळ. दहा नळ एकदम सोडले की धार बारीक होणारच. त्याच वाय-फायवर कुणी सिनेमा बघत असेल तर बिलाचं पान कसं उघडेल? राऊटर बहुतेक वेळा साहेबांच्या केबिनमध्ये असतो आणि काम मात्र तीन भिंतींपलीकडच्या खिडकीवर चालतं. जाड भिंत आणि लोखंडी कपाट या लहरींची वाट अडवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला की २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय गडबडतं. ५ गिगाहर्ट्‌झचं वेगवान असतं, पण लांब पोचत नाही. आणखी एक, मोबाइलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात म्हणजे नेट चांगलं आहे असं नाही. त्या रेघा राऊटरपर्यंतचीच वाट दाखवतात. बाहेरून येणारी लाइनच तुंबली असेल तर रेघा भरलेल्या आणि पान कोरं!

ज्यांच्या कामाच्या जागी वाय-फायचं नावच नसतं, त्यांचं काय? आपल्या अंगणवाडी सेविका बघा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ही योजना देशात सुरू झाली. आज महाराष्ट्रात लाखावर अंगणवाड्या आहेत. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं आणि वजन, उंची, हजेरी, आहार सगळं मोबाइलवर भरायचं ठरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन अडकतात, गरम होतात आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी आईचा चेहरा मोबाइलवर ओळखला जाण्याची अट आली. नोंदणीसाठी ओटीपी लागतो. डोंगराकडच्या पाड्यावर रेंज नाही, आधारला जोडलेला फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ऊसतोडीला. अशा वेळी आहार हातात घेऊन उभ्या असलेल्या सेविकेनं करायचं काय? काम केलेलं असतं, पण नोंद चढत नाही. आणि नोंद नाही म्हणजे काम नाही!

जुनी रजिस्टरं परत आणा असं मी म्हणत नाही. ऑनलाइन नोंदींमुळे खोटे आकडे लपवणं अवघड झालं, ते चांगलंच आहे. पण यंत्रणेला पारदर्शकता हवी असेल तर तिची किंमत यंत्रणेनं मोजावी. पूर्वी ऑफिसातल्या टायपिस्ट बाईला टाइपरायटरची फीत घरून आणायला कुणी सांगत नव्हतं. मग आज मोबाइलचा रिचार्ज तिनं स्वतःच्या पर्समधून का करावा?

म्हणून नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना सांगणं आहे, नुसतं कुरकुरू नका, एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटं नेट बंद होतं आणि कोणतं काम अडलं, एवढंच लिहा. महिनाभरानं ती वही आणि लेखी अर्ज साहेबांपुढे ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागदाला उत्तर द्यावं लागतं. मागण्याही साध्या आहेत. राऊटर मधोमध, उंचावर बसवा. खिडकीवरच्या संगणकाला थेट वायर द्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळा पासवर्ड ठेवा. रेंज नसेल तिथे नोंद फोनमध्ये साठून राहील आणि नंतर आपोआप चढेल, अशी सोय ॲपमध्ये करा. आणि नेट बंद होतं त्या वेळेचा जाब बाईला विचारू नका.

आणि रांगेतल्या आपण सगळ्यांनी खिडकीतल्या मुलीवर आवाज चढवण्याऐवजी तक्रारवही मागावी. आपल्या चार ओळी तिथे उतरल्या, तर उद्या तिच्या अर्जाला त्यांचं बळ मिळेल.