ओवीचे अर्थकारण

हिंजवडी-मारुंजी ओलांडून नेऱ्याच्या दिशेने निघाले, की मुळशी तालुक्यातील स्थित्यंतर डोळ्यांत भरते. एकीकडे बहुमजली इमारती आणि दुसरीकडे अद्याप तग धरून राहिलेली शेते. जमिनीला भाव काय आला, याची चर्चा या टापूत घरोघर चालते. याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या निपजलेल्या गाण्याचे मोल मात्र कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने हा प्रश्न उपस्थित करावा, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गाणे हेही एक उत्पादन आहे, त्यामागेही श्रम आहेत, एवढे मान्य केले तर तो अप्रस्तुत ठरत नाही.

जात्यावरची ओवी हे या स्वायत्त गाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. या गाण्याला रंगमंच नव्हता, तिकीट नव्हते, आश्रयदाता नव्हता. गाणारी, रचणारी आणि ऐकणारी बहुधा एकच. १९८० च्या दशकापासून गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यालगतच्या डोंगरी भागातील कष्टकरी स्त्रियांमध्ये काम करताना या ओव्या टिपण्यास आरंभ केला. मुळशी तालुक्यातील गावे त्यात आहेतच. बर्नार्ड बेल यांनी या कार्याला संगणकाची जोड दिली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हा संग्रह प्रकाशित करीत आहे. १,००० हून अधिक गावांतील ३,००० हून अधिक स्त्रियांच्या १ लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. राम-सीता आणि विठ्ठल, माहेर आणि भाऊ, सासरचा जाच आणि बाबासाहेब आंबेडकर, असा त्यांचा विषयविस्तार आहे. ज्या स्त्रीला चावडीवर बोलण्याची मुभा नव्हती, तिने आपले म्हणणे जात्यापाशी मांडून ठेवले.

ही ओवी का मावळली? ‘लोकांची अभिरुची बिघडली’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. आमच्या शास्त्रात ‘संयुक्त उत्पादन’ अशी एक संज्ञा आहे. एकाच श्रमातून दोन वस्तू निघतात, तेव्हा दोहोंचा खर्च एकत्रच भागतो. पहाटेच्या दळणातून पीठ निघे आणि ओवीही निघे. गिरणी आली, पीठ तिकडे गेले आणि ओवीचा सारा भार एकट्या ओवीवर पडला. गाण्यासाठी निराळा वेळ काढणे कष्टकरी बाईला परवडणारे नव्हते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले होते, की यंत्रामुळे कापड स्वस्त होते. पण चार वादकांचे वादन आजही चार माणसांचा तितकाच वेळ घेते. अन्यत्र वेळेचा मोबदला वाढत जातो, तसतसे जिवंत गाणे महाग होते. ध्वनिवर्धक मात्र भाड्याने मिळतो.

याचा अर्थ जाते परत आणावे असा कोणी घेऊ नये. गिरणीने बायकांची पहाट मोकळी केली, ही गोष्ट स्वागतार्हच होती. जात्याबद्दल हळहळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जात्याचा खुंटा कधी हाती धरलेला नसतो. खेद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. कष्टांबरोबर रचण्याचा अधिकारही सुटला आणि काल स्वतः गीत रचणारे घर आज केवळ गिऱ्हाईक झाले.

भजनाची कथा मात्र वेगळी आहे. भजनी मंडळाला ठरलेला वार आहे, देवळाची जागा आहे, वर्गणी आहे. टाळ धरून मागे उभा राहणारा पोर कालांतराने पखवाजावर बसतो. म्हणून रेडिओ, ध्वनिफीत आणि भ्रमणध्वनी येऊनही भजन टिकून आहे. ओवीला अशी संस्था कधी लाभलीच नाही, कारण काम हीच तिची संस्था होती. तात्पर्य असे, की स्थानिक गाणे कौतुकावर तगत नाही. त्याला वार, जागा आणि शिष्य लागतात.

कायद्याकडून फारशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवींना व संगीतकारांना स्वामित्वधनाचा वाटा मिळाला. ओवीवर मात्र कोणाचे नाव नाही, म्हणून ती कोणाचीच नाही असे समजले जाते. अमूर्त वारशाच्या रक्षणाचा युनेस्कोचा २००३ चा करार भारताने २००५ मध्ये स्वीकारला. पण करार दिल्लीत राहतो आणि गाणारी आजी गावात.

तेव्हा आरंभ गावातूनच व्हावयास हवा. हरिनाम सप्ताहात किंवा जत्रेत एक संध्याकाळ ओवी गाणाऱ्या स्त्रियांची असावी आणि त्यांना मानधन मिळावे. बाहेरून आलेल्या वाद्यवृंदाला देता येते, तर त्यांना का नको? ग्रामपंचायतीने त्यासाठी लहानशी तरतूद करावी. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या आजीकडून पाच ओव्या लिहून आणावयास सांगावे आणि प्रत्येक ओवीखाली तिचे नाव व गाव आवर्जून लिहवून घ्यावे. यास ना फार पैसा लागतो, ना शासकीय आदेश. सातबाऱ्यावर आपले नाव लागावे म्हणून आपण कचेरीत किती खेटे घालतो! आजीचे नाव तिच्याच ओवीखाली लागावे, यासाठी एक दुपार खर्ची घालण्यास कोणाची हरकत असू नये.