दगडांचं काय करणार गं?

परवा पुतणीला बघायला पाहुणे आले होते. पोरगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, हे त्यांना ठाऊक होतं. कांदेपोहे संपता संपता मुलाच्या आईने विचारलं, "म्हणजे नक्की करतेस काय?"

"झिओलाइटचे स्फटिक वाढवते. प्लास्टिकच्या कचऱ्यासाठी."

"अगंबाई, दगड आणि कचरा! त्यापेक्षा बी.एड. केलं असतंस तर!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितेय.

रात्री ओटा आवरताना मी तिला म्हटलं, मला नीट सांग बाई. तिने शोकेसमधला दगड आणून समोर ठेवला. मळ्यात विहीर खणताना निघालेला, मोत्यासारख्या पाकळ्यांचा. "काकू, हा स्टिल्बाइट. झिओलाइटच आहे." जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत हे स्फटिक सापडतात. तो कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात असे दगड काचेआड मांडलेत, आणि आम्ही त्यावर वीस वर्षं फडकं मारतोय! 1756 साली क्रोन्स्टेड नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा दगड तापवला, तेव्हा त्यातून पाण्याची वाफ निघाली. म्हणून नाव पडलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड.

याच्या आत एकसारखी बारीक छिद्रं असतात, केसाच्या जाडीपेक्षा लाखपट लहान. पुतणी असे स्फटिक स्वतः वाढवते. सिलिका, अ‍ॅल्युमिना, अल्कली यांचं मिश्रण पोलादी भांड्यात घट्ट बंद करून तापवत ठेवायचं. प्रेशर कुकरच म्हणा, फक्त शिट्टी नाही, आणि कधीकधी काही दिवस थांबायचं. वेळ, तापमान, प्रमाण बदललं की स्फटिक बदलतो. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. तापवलेल्या झिओलाइटवर त्या तुटतात, तेही नुसत्या उष्णतेला लागतं त्यापेक्षा कमी तापमानात. त्यातून तेल आणि वायू मिळतो. त्याचं इंधन होतं किंवा पुन्हा प्लास्टिकचा कच्चा माल.

"मग अडतं कुठे?" मी विचारलं. ती हसली. "आपल्या ओट्यावर." कचऱ्यात पीव्हीसीचा तुकडा मिसळला की त्यातून आम्ल सुटतं आणि स्फटिक खराब होतो. खरकटं, माती, मीठ त्याची छिद्रं बुजवतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापून टाकतो ना, तो चिमुकला तुकडा भंगारवाल्याच्या हाती लागतच नाही.

मी आता कोपरा पूर्ण कापत नाही, लटकता ठेवते. पिशवी विसळून वाळवते. सगळा भार बायकांवर टाका असं मी मुळीच म्हणत नाही. चकचकीत पुड्यांचे थरावर थर चिकटवून विकणाऱ्या कंपन्यांनाही जाब विचारायला हवा. पण "याचा काय उपयोग" असं पोरीला विचारण्याआधी आपण आपली कचऱ्याची बादली तर बघावी!

काल पाहुण्यांचा होकार आला. अट एकच, लग्नानंतर "ते लॅबचं" सोडायचं. जाऊबाई विचारात पडल्यात. उद्या सकाळी चहाला मी त्यांच्याकडे जातेय, आणि जाताना तो दगडही नेणार आहे.