पाणीच तर पितो ना!

स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार वर्षानुवर्षे असलेला रुग्ण ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हा लेख जरूर वाचावा. यांतील काही रुग्ण दिवसभर पाणी पितात. माठ रिकामा करतात, नळाला तोंड लावतात, रात्री उठून बादलीतलेही पितात. घरचे मला म्हणतात, "डॉक्टर, पाणीच तर पितो, दारू तर नाही ना!" आम्ही डॉक्टरांनीच "भरपूर पाणी प्या" असे इतके सांगून ठेवले आहे, की पाण्याने अपाय होतो हे कोणाला पटत नाही.

पण होतो. मूत्रपिंडांना बाहेर टाकता येईल त्याहून जास्त पाणी शरीरात साठले, की रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. ते १३५ ते १४५ असावे लागते. फार घसरले तर मेंदूला सूज येते, झटके येतात, प्रसंगी जीव जातो. त्याआधी उलट्या, डोकेदुखी, झोकांड्या, वाढलेला गोंधळ. नेमके हेच "वेड वाढले" म्हणून सोडून दिले जाते!

हे ओळखायला वजनकाट्याची मोठी मदत होते. अमेरिकेत व्हर्जिनियातील मनोरुग्णालयात डॉ. व्हिवेग व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रुग्णांची वजने सकाळी ७ आणि दुपारी ४ वाजता घेतली. दुपारपर्यंत वजन चढे, सोडियम उतरे. तुमचेआमचेही वजन संध्याकाळी अर्धा-पाऊण किलो जास्त भरते. पण सकाळी ६० किलो असलेला माणूस दुपारी ६३ भरला, तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी सोडियम तपासावे. (गोळ्यांनी वजन वाढते ते आठवड्या-महिन्यांत. त्यासाठी गोळ्या परस्पर बंद करू नयेत.)

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की अशा घरात रोज दोनदा, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि ती वही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावी. महिन्यातून एकदा केलेल्या वजनाचा येथे उपयोग नाही. व्यवसायबंधूंनाही विनंती, की अशा रुग्णाला झटका आला तर साखर तपासल्याशिवाय ग्लुकोजची बाटली लावू नये. शेवटी तेही पाणीच. सोडियम घाईने वाढवणेही धोक्याचे, तेव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

माठाला कुलूप लावून काही साधत नाही, रुग्ण शेजारच्या नळावर जातो. लिथियम चालू असेल तर पाणी तोडणे घातकच. आणि रक्तातील साखरही तपासून घ्यावी, कधीकधी ही तहान मधुमेहाची निघते.