देवशब्दाचा वाचक कोण?

रविवारच्या मिस्सेत शुभवर्तमानाआधीची वाचने धर्मगुरूने करावीत की भाविकांपैकी कुणी, हा प्रश्न दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने कायमचा मिटवला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो मिटलेला नाही. वेदीजवळ प्रापंचिकांचा वावर वाढला तसे उपासनेचे गांभीर्य उतरले आणि देवशब्द अभिषिक्ताच्याच मुखातून ऐकू यावा, असे मानणारे आजही आहेत. त्यांच्या समोर दुसरा पक्ष उभा आहे. तो वाचनाला मान समजतो आणि सणाला, लग्नाला, ज्युबिलीला पाहुण्यारावळ्यांत ही वाचने वाटून टाकतो. हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध भांडत असले तरी दोघांचे गृहीत एकच आहे: वाचन ही मूळची धर्मगुरूची मालमत्ता. पहिल्याला वाटते त्याने ती राखून ठेवावी, दुसऱ्याला वाटते त्याने ती सढळ हाताने द्यावी. मला हे गृहीतच अमान्य आहे. वाचन ही ख्रिस्तसभेतली स्वतंत्र सेवा आहे. तिचा अधिकार स्नानसंस्कारातून येतो, आणि ज्याला अधिकार आहे त्याच्यावर तयारीचे ओझेही आहे. हेच मला इथे सिद्ध करायचे आहे.

पहिला आक्षेप इतिहासाचा. प्रापंचिकांचे वाचन ही साठच्या दशकातली टूम आहे, प्रोटेस्टंटांचे अनुकरण आहे, असे म्हटले जाते. पुरावा याच्या उलट आहे. सन १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या संत जस्टिनने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जात. वाचक थांबला की सभेचा प्रमुख बोध करी. वाचणारा आणि प्रमुख या तिथे दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप संत सिप्रियन याने छळ सोसूनही श्रद्धा न सोडणाऱ्या ऑरेलियस आणि सेलेरिनस या तरुणांना वाचक नेमले आणि आपल्या मंडळीला पत्राने तसे कळवले. त्याच्या मते, ज्या मुखाने न्यायासनासमोर ख्रिस्ताची कबुली दिली ते मुख देवशब्द वाचायला योग्य होते. पुढे ही सेवा धर्मगुरुपदाच्या वाटेवरची एक पायरी होऊन बसली. सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला ‘वाचक’ ही कनिष्ठ दीक्षा मिळे आणि तो पुढच्या पायरीवर जाई. गंभीर गायन-मिस्सेत साहाय्यक उपयाजक पत्र गाऊन वाचत असतानाही मुख्य याजकाने तोच उतारा वेदीवर हळू आवाजात स्वतः वाचायचा असे. जणू दुसऱ्याचे वाचन ऐकणे पुरेसे नव्हतेच. ही पुनरुक्ती १९६०च्या नियमसंहितेने, म्हणजे महासभेपूर्वीच, काढून टाकली. तेव्हा नवे काय आणि जुने काय, याचा हिशेब नीट मांडायला हवा. महासभेने परंपरा मोडली नाही, मोडलेली परंपरा सांधली.

मराठी कॅथलिकांना तर या आक्षेपाचे उत्तर आपल्याच वाङ्मयात सापडते. ट्रेंटच्या महासभेने १५६२ मध्ये मिस्सा सर्वत्र लोकभाषेत असणे इष्ट नाही असे ठरवले. मात्र त्याच ठरावात तिने धर्मगुरूंना असेही बजावले की मिस्सेत जे वाचले जाते ते लोकांना वारंवार समजावून सांगा. या आज्ञेतला दुसरा भाग ज्यांनी मनावर घेतला त्यांत फादर थॉमस स्टीफन्स अग्रणी होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. बायबलमधला तारणाचा इतिहास त्यांनी मराठी ओवीत बांधला. त्या पुराणाच्या आरंभीच नोंद आहे की साष्टीतल्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीकडे मागणी केली: जुनी पुराणे आम्ही सोडली, आता आम्हाला नवी द्या. देवशब्द आपल्या भाषेत कानी पडावा ही मागणी भाविकाने केली आणि धर्मगुरूने ती न्याय्य मानून पुरी केली, हा आपल्या भूमीतला चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. मात्र वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली आणि १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषाच हटवण्याचा हुकूम काढला. जी भूक साष्टीत बोलून दाखवली गेली ती भागायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

४ डिसेंबर १९६३ रोजी महासभेने उपासनाविषयक संविधान २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केले. लोकांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग हा स्नानसंस्कारामुळे मिळालेला त्यांचा हक्क आणि त्यांचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सभेत पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलत असतो, असेही तेच संविधान सांगते. या दोन विधानांचा परिणाम वाचनग्रंथात दिसतो. पूर्वी रविवारची वाचने एका वर्षाच्या फेऱ्याची होती; एक पत्र, एक शुभवर्तमान, आणि जुना करार रविवारी जवळपास गैरहजर. १९६९ मध्ये नवी रचना आली: रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र, सामान्य काळातल्या इतर दिवसांच्या पहिल्या वाचनासाठी दोन वर्षांचे, आणि रविवारी जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, पत्र व शुभवर्तमान. यशया आणि यिर्मया, आमोस आणि होशेय आज सामान्य भाविकाच्या कानी पडतात ते या रचनेमुळे. एवढा मोठा ठेवा मोकळा केल्यावर तो पोचवणारी माणसेही हवीत, हे ओघानेच आले. म्हणून मिस्सेचे नियम सांगतात की वाचन हे अध्यक्षाचे काम नाही, सेवकाचे आहे; वाचक नसेल तेव्हाच याजकाने ते करावे. धर्मगुरू प्रापंचिकावर उपकार करतो हा समज या नियमापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरा सहभाग अंतःकरणाचा. उभे राहून वाचण्याने कुणी अधिक प्रार्थनाशील होत नाही, असे त्याचे म्हणणे. यातले अर्धे मला मान्य आहे. सक्रिय सहभाग म्हणजे प्रत्येकाच्या हाती काही ना काही काम देणे नव्हे, असे रोमनेही २००४च्या सूचनापत्रात बजावले आहे. मागच्या बाकावर शांतपणे ऐकणारी आजी वाचकापेक्षा कमी सहभागी नसते. पण या म्हणण्यातून आक्षेपक काढतात तो निष्कर्ष निघत नाही. अंतःकरण ऐकण्यातून जागे होते. श्रद्धा ऐकण्याने येते हे पौलाने रोमकरांना लिहिले, आणि करिंथकरांना विचारले की ज्याला कळलेच नाही तो ‘आमेन’ कसा म्हणेल. लॅटिन मिस्सा चालू असताना भाविक बाकावर रोझरी म्हणत. त्यांची भक्ती खोटी नव्हती, पण वेदीवर वाचल्या जाणाऱ्या शास्त्राशी तिची गाठ पडत नव्हती. हा दुरावा पोप दहावे पायस यांनाही जाणवला होता. म्हणूनच १९०३ मध्ये, महासभेच्या साठ वर्षे आधी, त्यांनी सक्रिय सहभागाला ख्रिस्ती वृत्तीचा पहिला झरा म्हटले. आतला आणि बाहेरचा सहभाग एकमेकांचे वैरी मानण्याचे कारण नाही. एकाचे नीट वाचणे हे शेकडोंच्या ऐकण्यासाठीच असते.

तिसरा आक्षेप दर्जाचा, आणि तो फेटाळून चालणार नाही. उच्चार चुकतात, विरामचिन्हे गिळली जातात, नबुखद्नेस्सराचे नाव आले की जीभ अडखळते. वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला यशया प्रथम वाचताना अडचण येणारच. पण याचा उपाय वाचन काढून घेणे हा नाही. दीक्षेमुळे कुणाचाही उच्चार सुधारत नाही. धर्मगुरूसुद्धा शिकूनच चांगले वाचतात. वाचनग्रंथाच्या प्रस्तावनेत वाचकाच्या तयारीची सारी अंगे मांडली आहेत: मुळाशी आध्यात्मिक तयारी, उताऱ्याचा संदर्भ कळण्यासाठी बायबलचे शिक्षण, मिस्सेची रचना कळण्यासाठी उपासनेचे शिक्षण आणि आवाज व ध्वनिवर्धक सांभाळण्याचे तंत्र. ही अपेक्षा कागदावर राहिली, हा दोष प्रापंचिकांच्या अधिकाराचा नाही. तो आपल्या धर्मग्रामांच्या आळसाचा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ हाताशी असताना उतारा आधी घरी वाचायला सबब उरत नाही.

चौथा आक्षेप स्त्रियांविषयीचा. सभेत स्त्रियांनी गप्प राहावे हे पौलाचे वचन पुढे केले जाते. पण त्याच पत्रात, तीन अध्याय आधी, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक झाकावे असे पौल सांगतो. म्हणजे त्या सभेत बोलत होत्या हे तो गृहीत धरतो. १९७२ मध्ये सहाव्या पॉल यांनी कनिष्ठ दीक्षा रद्द करून वाचकसेवा प्रापंचिकांना खुली केली, तरी विधिपूर्वक नेमणूक पुरुषांपुरतीच राहिली; स्त्रिया वाचत होत्या त्या तात्पुरत्या परवानगीवर. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मनियमातली ही पुरुषांपुरती अट काढली आणि नेमणूक स्त्रियांनाही मोकळी केली. ज्या भाषेत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अवघ्या बायबलचा अनुवाद केला, त्या भाषेच्या सभेत स्त्रीच्या आवाजाला हरकत घेणे शोभत नाही. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण शास्त्राशी झुंजण्याची स्त्रीची पात्रता सिद्ध करायला त्यांचे उदाहरण पुरे आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. वाचन हा मान आहे असे समजणाऱ्यांनी या सेवेचे नुकसान विरोधकांइतकेच केले आहे. लग्नात नवऱ्याच्या मित्राला, वर्धापनदिनी देणगीदाराला, निरोपाच्या मिस्सेत पदाधिकाऱ्याला वाचन दिले जाते. त्याने उतारा आधी पाहिला आहे का, हे कुणी विचारत नाही. अधिक लोकांना संधी मिळावी म्हणून एकच वाचन दोघांत वाटणे तर नियमातच अयोग्य ठरवले आहे. दुःखसहनाच्या वृत्तांताचा तेवढा अपवाद. शुभवर्तमान उपयाजकाने किंवा याजकाने वाचावे आणि मिस्सेतले प्रवचनही त्यांनीच करावे, ही मर्यादाही मला योग्य वाटते. सेवा वेगवेगळ्या आहेत म्हणूनच वाचकाची सेवा ही सेवा ठरते; सगळ्यांनी सगळे करायचे म्हटले की कुणाचेच काम कुणावर बंधनकारक राहत नाही. काहीजण विचारतात, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बायबल असताना मोठ्याने वाचायचेच कशाला? कारण देवशब्द इथे सभेला उद्देशून उच्चारला जातो. नहेम्याच्या ग्रंथात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांना अर्थ सांगतात आणि सारा समुदाय एकदम ‘आमेन’ म्हणतो. एकेकट्याने पडद्यावर वाचलेल्या मजकुराने असा समुदाय घडत नाही.

म्हणून धर्मग्रामांना माझे आवाहन आहे. वाचकांची निवड ओळखीवर करू नका, पात्रतेवर करा. त्यांना बायबलचे रीतसर शिक्षण द्या आणि बिशपांकडून त्यांची, स्त्रियांचीही, विधिपूर्वक नेमणूक करून घ्या. उतारा किमान आठवडाभर आधी वाचकाच्या हाती पडू द्या. सामान्य काळातला तिसरा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवला आहे. नेमणुकीला त्याहून योग्य दिवस नाही. आणि वाचकांनो, तुमचा अधिकार तुम्हाला कुणी बहाल केलेला नाही, तो तुमच्या स्नानसंस्काराचा आहे. म्हणून तयारी न करता वाचनमंचाकडे जाण्याची सूटही तुम्हाला कुणी देऊ शकत नाही.