विटा मोजणारा चित्रकार
सतराव्या शतकातली डच शहरचित्रं म्हटली की आपण व्हर्मीरच्या डेल्फ्टपाशी थांबतो. पण यान व्हान डर हेडेनच्या अ‍ॅमस्टरडॅमसमोर जरा उभे राहा. कालव्याकाठच्या घराची वीट न् वीट वेगळी, दोन विटांमधली दर्जसुद्धा सुटलेली नाही. गंमत म्हणजे एवढा काटेकोर माणूस अख्ख्या इमारती मात्र बिनदिक्कत हलवायचा, बदलायचा! यान व्हान खोयेनचा खाक्या अगदी उलटा. तपकिरी-राखाडी रंगाचे पातळ हात, नदी, एखादी होडी, बाकी सगळी दमट हवा. याकोब व्हान राउसडालच्या हार्लेममध्ये तर गाव क्षितिजावर चिमटीएवढं. पुढे मैदानात उन्हाने पांढरं व्हावं म्हणून पसरलेल्या लिननचे लांब पट्टे, आणि वरचा दोन तृतीयांश कॅनव्हास नुसते ढग. मला विचाराल तर मी ढगांच्या बाजूचा. तरी हेडेनपुढे मान तुकवावीच लागते. विटा रंगवता रंगवता या गृहस्थाने अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवरच्या दिव्यांची योजना आखली आणि १६७२च्या सुमारास भावाच्या साथीने आगीच्या बंबाला चामड्याची लवचीक नळीही जोडून दिली.