गॉथिकचे कौतुक, खिद्रापूरची उपेक्षा

कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात गॉथिक धाटणीने बांधला गेला. आज त्याच वास्तूत ब्रह्मपुरीच्या उत्खननातील अवशेष मांडलेले आहेत. युरोपीय चौकटीत बसवलेला करवीरचा इतिहास! सुशिक्षित मराठी मनाची अवस्था याहून वेगळी नाही. पॅरिसच्या नोत्र दामपुढे भान हरपणाऱ्या कित्येकांना शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर केवळ सहलीचे ठिकाण वाटते.

गॉथिक कला थोर आहे, हे निःसंकोच मान्य करावे. ११४४ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील चर्चचा नवा वेदीभाग अर्पण झाला आणि त्या शैलीने आकार घेतला. टोकदार कमानी आणि दगडी फासळ्यांनी छताचा भार खांबांवर घेतला, भिंती हलक्या झाल्या, रंगीत काचांतून प्रकाश आत आला. द्वारांवर संत आणि राजे पाषाणात उभे राहिले.

पण त्याच शतकात कृष्णाकाठी शिलाहारांच्या राजवटीत कोपेश्वराचे मंदिर घडत होते. यादव सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख तेथे आजही आहे. मंदिराचा भार जणू पाठीवर पेलणारे गजपीठ, ४८ स्तंभांचा स्वर्गमंडप, त्याच्या मध्यभागी आकाशाकडे उघडणारे वर्तुळ आणि त्याच्या बरोबर खाली वर्तुळाकार शिळा! तिकडे प्रकाश काचेतून गाळून घेतला, इकडे थेट आकाशालाच मंडपात स्थान दिले.

‘येथे खरी कमान नाही, म्हणून तंत्र मागासलेले’ हा शेरा उसन्या मापदंडातून येतो. कमान भार बाहेरच्या बाजूला रेटते, म्हणून तिला भक्कम आधार द्यावे लागतात. स्तंभ आणि तुळया तोच भार सरळ खाली उतरवतात. दोन्ही परंपरांनी आपापली उत्तरे शोधली. एकीच्या उत्तराने दुसरीची परीक्षा घेणे हे शास्त्र नव्हे, न्यूनगंड आहे.

तथापि सारा दोष परक्यांच्या माथी मारून भागणार नाही. फ्रान्समध्ये १७९३ साली क्रांतिकारकांनीच नोत्र दामवरील राजमूर्तींचा शिरच्छेद केला. १९७७ मध्ये त्यांपैकी २१ मस्तके सापडली, तेव्हा त्या समाजाने ती संग्रहालयात जपली. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने त्या जीर्ण वास्तूकडे लोकांचे लक्ष वेधले होते. एप्रिल २०१९ च्या आगीत छत भस्मसात झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये द्वार पुन्हा उघडले.

आणि करवीरात? अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण देवीपर्यंत पोहोचतात, ही पूर्वजांच्या वास्तुज्ञानाची साक्ष. त्या किरणांच्या वाटेत अडथळा ठरलेली बांधकामे कोणा आक्रमकाने उभारलेली नाहीत. खिद्रापुरातील भग्न मूर्ती पाहून संतापणाऱ्या समाजाने हेही पाहिले पाहिजे. ज्या वारशाची नोंद नाही, निगा नाही, त्याचा अभिमान पोकळ असतो.

म्हणून घोषणांपेक्षा कामे हवीत. किरणांचा मार्ग मोकळा राहावा यासाठी नागरिकांनी महापालिकेकडे आग्रह धरावा. महाविद्यालयांनी कोपेश्वराच्या एकेका मूर्तीची चित्रमय नोंद करावी. घराघरांत मुलांना पीठ, मंडोवर, वितान हे शब्द कळावेत. नोत्र दाम अवश्य पाहावे; पण तेथील मार्गदर्शकाने भारतीय शिल्पाविषयी विचारले, तर करवीरच्या मुलाला खिद्रापूरविषयी सांगता आले पाहिजे.