ऊठ, काही नाही झालं!

गेल्या महिन्यात भाच्याची कबड्डीची मॅच बघायला गेले होते. सतरा वर्षांचं पोर. उत्तरार्धात त्याची चढाई फसली, तिघांनी मिळून त्याला पाडलं आणि खाली येताना त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. क्षणभर तो हललाच नाही. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, मानेवर बर्फ चोळला. ‘ऊठ, काही नाही झालं!’ तो उठला आणि बाद झालेल्यांत जाऊन बसायचं सोडून समोरच्या संघाकडे चालू लागला. लोक हसले. टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या. थोड्याच वेळात तो पुन्हा चढाईला गेला.

घरी येताना रिक्षात त्यानं मला तीनदा विचारलं, ‘मावशी, आपण जिंकलो ना?’ तिसऱ्यांदा उत्तर देताना माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी मैदान बंद केलं, विश्रांती दिली. आता तो बरा आहे. मला मात्र त्या रात्रीपासून ॲरन हर्नांडेझची गोष्ट आठवत राहिली आहे.

हर्नांडेझ हा अमेरिकन फुटबॉलमधला न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा खेळाडू. २०१२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याला सुमारे चार कोटी डॉलरचा करार मिळाला. वर्षही उलटलं नाही, तोच जून २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच्या घरापासून जवळच ओडिन लॉइड या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा गोळ्या घातलेला मृतदेह सापडला. ओडिन स्वतःही स्थानिक संघाकडून फुटबॉल खेळायचा. हर्नांडेझच्या होणाऱ्या बायकोच्या बहिणीशी त्याची मैत्री होती. एप्रिल २०१५ मध्ये हर्नांडेझला खुनाबद्दल मरेपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा झाली. दोन वर्षांनी त्यानं तुरुंगातच आत्महत्या केली. तेव्हा तोही सत्तावीस वर्षांचाच होता.

त्याच्या मेंदूची तपासणी बोस्टन विद्यापीठात डॉ. ॲन मॅकी यांच्या चमूनं केली. त्यात ‘सीटीई’ हा आजार निघाला, तोही चारपैकी तिसऱ्या टप्प्यातला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या हादऱ्यांतून हा आजार होतो. बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा मार लागायलाच हवा असं नाही; रोजच्या सरावातल्या लहान लहान धडकाही साचत जातात. मेंदूत ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात. मेंदूचा पुढचा भाग म्हणजे रागाला लगाम घालणारा, पुढचा विचार करणारा भाग. हर्नांडेझचा नेमका तोच भाग वाईट पोखरला होता. इतक्या कमी वयात इतका वाढलेला आजार या डॉक्टरांनी पूर्वी पाहिला नव्हता. आणि जिवंतपणी तो खात्रीनं ओळखता येत नाही.

मग ओडिनला कुणी मारलं? हर्नांडेझनं की त्याच्या आजारानं?

मला या प्रश्नाचं झटपट उत्तर नको आहे. मेंदूतली इजा पाहून माणसाच्या वागण्याचा हिशेब लावता येत नाही, हे डॉ. मॅकींनीच स्पष्ट केलं होतं. हाच आजार असलेल्या कितीतरी खेळाडूंनी कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. मानसिक आजाराचंही तसंच आहे. असे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, उलट तेच दुसऱ्यांच्या हिंसेला अधिक बळी पडतात. प्रत्येक खुनानंतर ‘डोकं फिरलं असेल’ म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा निमूटपणे औषधं घेणाऱ्या हजारोंवर डाग लावतो. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२ सुद्धा नुसत्या आजाराला माफी देत नाही. मनोविकलतेमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी कळणंच अशक्य असेल, तरच ते सूट देतं.

हर्नांडेझच्या मृत्यूनंतर एक विचित्र गोष्ट घडली. अपील निकाली निघण्याआधी आरोपी मेला तर दोषसिद्धीच पुसली जाते, असा मॅसॅच्युसेट्समध्ये जुना नियम होता. त्यानुसार मे २०१७ मध्ये तो कागदावर निर्दोष झाला. ओडिनच्या ज्या आईनं कोर्टात बसून मुलाच्या खुनाची सगळी सुनावणी ऐकली होती, तिला जणू सांगितलं गेलं की या खुनाला कुणी दोषीच नाही. मार्च २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला आणि दोषसिद्धी परत आणली. मला ते न्यायाचं वाटतं. मेंदूच्या चित्रात आजार दिसला म्हणून ओडिन परत येत नाही, आणि त्याच्या आईला उत्तर देण्याची जबाबदारीही संपत नाही.

पण ती जबाबदारी फक्त तुरुंगातल्या माणसाची असते का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिशीच्या आत मरण पावलेल्या १५२ खेळाडूंचे मेंदू तपासले. त्यातल्या ६३ जणांमध्ये सीटीई आढळला, आणि त्यातले बहुतेक हौशी खेळाडू होते. हे मेंदू काळजीत पडलेल्या कुटुंबांनी दान केलेले, त्यामुळे हेच प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. तरी एवढं नक्की कळतं की हे दुखणं फक्त कोट्यधीश खेळाडूंचं नाही. त्या पोरांना बालवयात हेल्मेट चढवून कुणीतरी मैदानात पाठवलं होतं. धडक बसल्यावर कुणीतरी ‘ऊठ’ म्हटलं होतं. पोरगा चिडचिडा झाला, झोपेनासा झाला, तेव्हा ‘खेळाडू आहे, रग असायचीच’ असंही म्हटलं असेल. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचा, पण त्याआधीच्या दुर्लक्षाचा दोष मैदानाबाहेर बसलेल्या मोठ्या माणसांचा. एकानं दुसरा फिटत नाही.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटनं २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायला सुरुवात केली. हे शहाणपण आपल्या गल्लीतल्या मैदानावर यायला पैसा लागत नाही. डोकं आपटलं की त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरनं हो म्हणेपर्यंत सराव बंद. आणि पोराचा स्वभाव बदललेला दिसला, तर ओरडण्याआधी त्याच्याशी बोलायचं. गरज पडली तर १४४१६ या सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करायचा.

परवा मी भाच्याच्या प्रशिक्षकांना भेटून हेच सांगितलं. माणूस भला आहे, पोरांसाठी खिशातले पैसे घालतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ताई, पटतंय. पण फायनलला आमचा मुख्य चढाईपटूच बाहेर बसवला तर?’

मी म्हटलं, ‘तर हरूया, सर.’